ओझेवाला दोनदा पेटला

नानांना खेळासाठी चौथं माणूस कमी पडत होतं, म्हणून सूनबाई त्यात ओढली गेली. नवरा जहाजावर, सहा महिने घरी, सहा महिने पाण्यावर. तो पाण्यावर असला की घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरत, आणि दोघंही अबोल. "मीठ हवं?" "नको." एवढ्यावर जेवण आटपायचं. एका रविवारी नाना चपला घालता घालता म्हणाले, "येतेस का? नुसतं बसायचं असतं. फासे टाकायचे." ती गेली, आणि पुढची दोन वर्षं जातच राहिली.

खेळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालायचा, रविवारी दुपारी. मोठं टेबल, त्यावर जाड नियमपुस्तक, मूठभर फासे, पेन्सिली आणि बिस्किटांचा डबा. नाना सूत्रधार. गोष्ट ते सांगायचे. भुयार कुठं वळतं, पहारेकरी किती, दार कसलं, हे सगळं त्यांच्या तोंडून. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं. प्रत्येकानं आपलं पात्र आपण घडवलेलं, त्याच्या अंगात किती जीव शिल्लक आहे तो आकडा कागदावर मांडलेला. मार बसला की आकडा खोडायचा. शून्यावर आला की पात्र मेलं.

दातांचे डॉक्टर गेली तीन वर्षं एक चोर होते आणि त्यांना तो फार शोभायचा. सूनबाई नकाशे काढणारी बाई होती. आणि ड्रायव्हरताई, ज्या आठवडाभर शहराची बस चालवायच्या, त्या होत्या एक ओझेवाला. ना तलवार, ना मंत्रतंत्र. पाठीवर सगळ्यांचं सामान, खांद्यावर जाड घोंगडी, आणि कुणी मागं राहिलं तर थांबून त्याला घेऊन येणं, एवढंच त्याचं काम. बाकीच्यांनी सुरुवातीला टिंगल केली. पण तीन वर्षांत त्या ओझेवाल्यानं प्रत्येकाला एकदा तरी पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं होतं.

त्या रविवारी ओझेवाला मेला.

झालं असं, की भुयाराच्या तोंडाशी पहारेकऱ्यानं जळता पलिता फेकला. फासा टाकला, पलिता ओझेवाल्याला लागला, तो पेटला. ड्रायव्हरताई शांत होत्या. अंगात नऊ जीव शिल्लक, चार पावलांवर पाण्याचं टाकं. "माझी पाळी आली की उडी मारते," त्या म्हणाल्या. पण त्यांची पाळी यायच्या आत दुसऱ्या पहारेकऱ्यानं जळता बाण सोडला. तोही लागला.

नानांनी पुस्तक उघडून वाचलं, "पेटलेल्या पात्राला त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एका फाशाइतकी इजा होते. आग विझेपर्यंत ती होत राहते." मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "दोन वेळा पेटला. दोन फासे टाका."

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "पेटलेला माणूस पुन्हा कसा पेटेल? पेटलाय तो पेटलाय."

"एका आगीला एक फासा. आगी दोन."

"पुस्तकात 'दोनदा' असं कुठं लिहिलंय?"

"'एकदाच' असं तरी कुठं लिहिलंय?"

नाना कोर्टात स्टेनो होते. एकतीस वर्षं न्यायाधीशांचे शब्द उतरवून घेतले. एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. 'आणि'च्या जागी 'किंवा' पडल्यानं एका माणसाची जमीन कशी गेली, ती हकिगत ते वर्षातून दोनदा तरी सांगत. शब्दात नाही ते कायद्यात नाही, हा त्यांचा खाक्या. पण शब्दात एखादी गोष्ट आहेही नाही आणि नाहीही नाही, अशी वेळ आली की काय करायचं, हे उतरवून घेणाऱ्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. ते खुर्चीवर बसलेला ठरवायचा.

आता खुर्चीवर नाना होते. त्यांनी ठरवलं, दोन फासे.

ड्रायव्हरताईंनी टाकले. पाच आणि चार. नऊ.

ताईंनी कागदावरचा आकडा नीट खोडला, कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. "उद्या पहाटेची ड्यूटी आहे," म्हणाल्या आणि उठल्या. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत राहिली. डॉक्टरांनी एक बिस्कीट उचललं आणि परत डब्यात ठेवलं.

दोन दिवस नाना घरात नुसते येरझारा घालत होते. मंगळवारी संध्याकाळी जेवताना त्यांनी घास हातातच ठेवला.

"सूनबाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुझ्या ऑफिसात तुम्ही कापडाचं नेमकं काय करता?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. सूनबाईला हसू आलं, पण तिनं ते आवरलं.

"जाळतो," ती म्हणाली.

"काय?"

"कापड जाळतो, नाना. पडदे, गाद्यांचे अभ्रे, लहान मुलांचे झोपायचे कपडे. कुठलं किती लवकर पेटतं, किती लांब जळत जातं, आपणहून विझतं की नाही, ते मोजून कागदावर लिहून देतो. मी दिवसाला चाळीसेक पट्ट्या जाळते."

नानांचा घास तसाच. "आठ वर्षं?"

"अकरा. लग्नाआधीपासून."

"मला वाटायचं, तुम्ही रंग बघता. पक्का की कच्चा." मग बराच वेळ भातात बोट फिरवत ते म्हणाले, "मग मला सांग. जळत्या कापडाला दुसरीकडून काडी लावली, तर ते दुप्पट जळतं का?"

अकरा वर्षांत तिनं हजारो पट्ट्या जाळल्या होत्या, पण प्रत्येक पट्टीला एकाच टोकाला, एकदाच, ठरलेल्या सेकंदांपुरती ज्योत लावलेली. दुसरी आग लावून बघ, असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि रात्री भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

साहेबांनी फार चौकशी केली नाही. "जेवणाच्या सुट्टीत कर. कापलेल्या तुकड्यांतून घे. रजिस्टरला नोंद नको," एवढंच म्हणाले. तिनं पांढऱ्या सुती कापडाच्या वीतभर लांबीच्या सारख्या पट्ट्या कापल्या आणि दिवसभर दमट खोलीत टांगून ठेवल्या, म्हणजे सगळ्यांत ओल सारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पट्टी चौकटीत आडवी अडकवली, काचेचं दार लावलं, पंखा बंद केला, उजव्या टोकाला ज्योत लावली आणि स्टॉपवॉच दाबलं. ज्योत निवांत चालत गेली. एक्क्याऐंशी सेकंद.

दुसऱ्या पट्टीला दोन्ही टोकांना लावली. दोन ज्योती समोरासमोरून आल्या, मधे भेटल्या, एकदम उंच झाल्या आणि संपल्या. एकोणचाळीस.

तिसरी पट्टी एका टोकाला पेटवली आणि जिथं जळत होती तिथंच आणखी एक ज्योत धरली. ती ज्योत लगेच काढून घेतली. ऐंशी सेकंद. जणू दुसरी आग लावलीच नव्हती.

तिनं तिन्ही पुन्हा करून पाहिल्या. मग प्रत्येकी पाच पाच. साहेब जाता जाता दारात थांबले. "हे कुणासाठी चाललंय?"

"एका ओझेवाल्यासाठी," ती म्हणाली, आणि साहेबांनी पुढं न विचारणंच पसंत केलं.

संध्याकाळी तिनं घरी येऊन चपला काढायच्या आधी सांगून टाकलं. "नाना, तुम्ही दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. आग जिथं आहे तिथंच दुसरी लागली तर काही फरक नाही. डॉक्टर बरोबर. पण वेगळ्या जागी लागली तर आग दुप्पट वेगानं पसरते. तुम्ही बरोबर. मात्र मग ती निम्म्या वेळात संपते. कारण कापड तेवढंच."

नाना खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "म्हणजे प्रश्न असा, की बाण कुठं लागला."

"हो."

"आणि पलिता कुठं लागला."

"तेच."

"पण मी तर नुसतं 'लागला' म्हणालो." त्यांचा चेहरा पडला. "कुठं लागला ते मी सांगितलंच नाही. कुणी विचारलंही नाही. मूळ गोष्टच नोंदीत नाही आणि मी निकाल देऊन मोकळा झालो!" ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "एकतीस वर्षं मी मनातल्या मनात ज्या न्यायाधीशांची उणीदुणी काढली, ते हेच करायचे."

मग त्यांनी आपणहून ड्रायव्हरताईंना फोन लावला. सूनबाईला एका बाजूचंच ऐकू येत होतं. "निकाल मागं घेतो... सूनबाईनं कापड जाळून बघितलं, तेच तिचं काम... पुरावा अपुरा होता... पुन्हा टाकू एक फासा..." मग बराच वेळ नुसतं "हं... हं... बरं." फोन ठेवून ते गोंधळून उभे राहिले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मेला तो मेला. त्याला उठवू नका. पण सूनबाईला विचारा, त्याच्याकडे वेळ किती होता."

शनिवारी दुपारी साहेब सुट्टीवर होते आणि प्रयोगशाळेत सूनबाई एकटीच कामाला होती. ड्रायव्हरताई दारात आल्या त्या गणवेशातच, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. मागं नाना. ते बसथांब्यावर भेटले होते आणि "मलाही बघायचंय" म्हणून सोबत आले होते. सूनबाईनं दोघांना डोळ्यांवर लावायचे चष्मे दिले. नानांनी ते आपल्या चष्म्यावरच चढवले.

ताईंनी पिशवीतून काढलं ते बसच्या सीटचं कव्हर, खाली फोम चिकटलेला, दोन हात लांब. "आमच्या भांडारात जुनी काढून टाकलेली पडलेली असतात. भांडारवाल्याला विचारून आणलंय. त्या वेळची हीच होती."

"कुठल्या वेळची?" सूनबाईनं विचारलं.

ताईंनी स्टूल ओढलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या म्हणाल्या. थंडीचे दिवस, गाडीत हीटर चालू. मागच्या बाकाखालची वायर तापली असावी. आरशात त्यांना काहीतरी लालसर हललेलं दिसलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही दारं उघडली आणि माणसं उतरवायला लागल्या. बावीस जण. एक आजोबा काठी विसरली म्हणून परत वळले, त्यांना अक्षरशः उचलून खाली ठेवलं. सगळी उतरल्यावर त्या आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन मागं गेल्या, तर अर्धी गाडी संपलेली.

"कुणाला खरचटलंसुद्धा नाही," ताई म्हणाल्या. "पण चौकशी झाली. तिच्या कागदात एक ओळ आहे. 'सुरुवातीस आग विझविण्यास चालकाकडे पुरेसा वेळ होता.' नोकरी राहिली. वर्षभर लांबच्या मार्गावरून काढलं, मग तो मार्ग परत दिला. सगळे विसरले. मी ती ओळ विसरले नाही."

"पुरेसा म्हणजे किती?" नाना एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"किती सेकंद? कुठपासून मोजले? आग लागल्यापासून, का तुम्हाला दिसल्यापासून? 'पुरेसा' हा शब्द नुसता वापरायचा नसतो हो. तो आधी ठरवावा लागतो."

"सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, मोठ्या माणसांनी लिहिलंय, त्यांना माहीत असेल."

सूनबाईनं कव्हराची एक पट्टी कापली. फोम सोलून बाजूला केला, नुसतं कापड चौकटीत लावलं. ज्योत लावली. कापड आक्रसलं, काळं झालं, ज्योत थोडी सरकली आणि चौकटीवरच्या पहिल्या खुणेच्या आत आपणहून विझली.

ताईंनी खालचा ओठ दाताखाली धरला. "विझलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे होता वेळ."

"थांबा ताई. हे नुसतं कापड आहे. गाडीत नुसतं कापड नसतं."

दुसरी पट्टी तिनं फोमसकट लावली. ज्योत लावून काढली. आठ-दहा सेकंद काहीच घडलं नाही. कापडाच्या कडेला एक निळसर रेघ, बस. मग फोम आत खचला, खड्डा पडला, आणि त्या खड्ड्यातून आग अशी उसळली की नाना एक पाऊल मागं आले. वितळलेले जळते थेंब खालच्या ताटलीत पडत होते आणि जिथं पडत तिथंही जळत राहत. काळाकुट्ट धूर काचेला भिडला. पहिली खूण, दुसरी खूण. सूनबाईनं स्टॉपवॉच दाबलं, झाकण टाकून आग विझवली, धूर ओढणारा पंखा पूर्ण सोडला.

"एकोणतीस सेकंद," ती म्हणाली. "पण ताई, खरं सांगते. हा हाताएवढा तुकडा आहे. चौकटीत, बंद कपाटात. यावरून अख्खी गाडी कळत नाही. तुमच्याकडे वेळ नव्हता, असं मी लिहून देऊ शकत नाही. होता, असंही नाही."

सूनबाईला वाटलं, आता या रागावतील, नाहीतर रडतील. ताईंनी चष्मा काढला आणि त्या काचेजवळ गेल्या. आत काळं, चिकट, वाकडं काहीतरी उरलं होतं.

"असंच दिसलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "आधी काहीच नाही, आणि मग एकदम. मी सगळ्यांना हेच सांगायचे, आणि सांगताना मलाच खोटं वाटायचं." थोडं थांबून त्यांनी पिशवी पुढं केली. "अजून एक जाळ ना. यावेळी घड्याळ माझ्या हातात दे."

त्यांनी आणखी चार जाळल्या. चौथीच्या वेळी ताई आणि नाना यांच्यात जुंपली, की वेळ ज्योत लावल्यापासून धरायचा की खड्डा पडल्यापासून. दोघंही हट्टी. शेवटी सूनबाईनं दोन घड्याळं दिली.

घरी जाताना नानांनी एक लांबलचक अर्ज मनात रचला आणि रविवारी सकाळी तो दीड पान लिहून काढला. ताईंनी तो वाचला, पेन्सिल घेतली आणि एक ओळ सोडून सगळा खोडला. उरलेली ओळ अशी: 'चौकशी अहवालातील "पुरेसा वेळ" म्हणजे किती सेकंद, व ते कोठून मोजले, हे कळावे.' सोमवारी त्यांनी स्वतः तो आगाराच्या कार्यालयात दिला आणि पोच घेतली. उत्तर यायचं आहे. ताईंना त्याची घाई नाही. सहा वर्षं तो प्रश्न एकट्या त्यांच्याकडे होता, आता तो कार्यालयाच्या टेबलावर आहे, असं त्या म्हणतात.

अर्ज लिहिला त्याच रविवारी दुपारी चौघं पुन्हा जमले. ओझेवाला मेलेलाच राहिला. ताईंनी नवं पात्र आणलं, एक होडीवाली. खेळ मात्र सुरू होईना, कारण नानांना आधी आगीचा नियम नीट लिहायचा होता. ते बोलत आणि लिहीत, डॉक्टर हरकत घेत, सूनबाई आकडे सांगे. आग लागली तर कुठं लागली ते सूत्रधारानं त्याच क्षणी सांगावं. त्याच जागी पुन्हा लागली तर ती एकच आग. वेगळ्या जागी लागली तर दोन फासे, पण निम्म्या पाळ्या. लोकर असेल तर काय? सूनबाई म्हणाली, लोकर सहसा आपणहून विझते. डॉक्टरांनी लगेच आपल्या चोराला लोकरीचे मोजे, लोकरीची टोपी आणि लोकरीचा लंगोट असल्याचं जाहीर केलं. नानांनी ते फेटाळलं. डॉक्टरांनी अपील केलं. पाऊण तास गेला.

"आणि आग विझल्यावर?" डॉक्टर गंभीर झाले. "माणूस आतून भाजत राहतो हो. गार पाणी धरावं लागतं, बराच वेळ. तुमच्या पुस्तकात आग विझली की इजा संपली."

"ते टिपून ठेवतो," नाना म्हणाले. त्यांनी टिपलं, पुस्तकाचं पान उलटलं आणि अडखळले. "अरे, हे बघा. धुराबद्दल इथं अर्धीच ओळ आहे. 'धुरात दृष्टी अर्धी होते.' बस. एवढंच?"

"एवढंच कसं असेल?" सूनबाई म्हणाली. तिच्याकडं धुराचं यंत्र होतं, पण ते फक्त काळेपणा मोजायचं. धुरात माणसाचं काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

उत्तर दिलं ते ड्रायव्हरताईंनी.

"दृष्टीचं राहू द्या. धुरात माणूस उभा राहतो. सीटवरून उठतो आणि उभाच राहतो, तोंड वर करून. खाली वाका म्हटलं तर ऐकू येतं, पण कळत नाही. खांद्यावर हात ठेवून दाबावं लागतं. मी बावीस जणांना दाबलं." त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढली. "पुढच्या दारापाशी होते त्यांना त्रास कमी झाला. मधल्यांना जास्त. सगळ्यात मागं बसलेल्यांना नाही, मधल्यांना. का ते मला अजून कळलेलं नाही."

"मधल्यांना?" सूनबाई पुढं वाकली. "मागची खिडकी उघडी होती का?"

ताईंनी डोळे मिटले आणि आठवू लागल्या.